खेळ एकेरीचा, हिशेब घराचा

ठाणे शहराच्या जुन्या वस्तीत टेंभी नाका हे एक गजबजलेले ठिकाण आहे. जिल्ह्याचे शासकीय रुग्णालय, जैन मंदिर, बाजारपेठेकडे व न्यायालयाकडे जाणारे रस्ते, आणि नवरात्रात देवीच्या दर्शनासाठी लागणाऱ्या रांगा यांसाठी तो सर्वांच्या परिचयाचा आहे. या परिसरातील मध्यमवर्गीय घरांतून शाळकरी मुलांच्या पाठीवर दप्तराबरोबर आणखी एक लांबट पिशवी दिसते. तिच्यात रॅकेट असते. मूल सात-आठ वर्षांचे असते तोवर ही पिशवी कौतुकाचा विषय असतो. ते चौदा-पंधरा वर्षांचे झाले, जिल्हा व राज्य पातळीवर जिंकू लागले, आणि त्याच वेळी दहावीची परीक्षा समोर आली की घरात एक कठीण प्रश्न उभा राहतो. हा खेळ पुढे याला पोसणार काय?

हा प्रश्न रास्त आहे. बॅडमिंटनची एकेरी खेळून उपजीविका करता येते, हे आज सर्वमान्य झाले असले तरी ती कशी करता येते, तिचे टप्पे कोणते, खर्च किती प्रकारचा आणि धोके कोणते, याची माहिती फार थोड्या पालकांना असते. महाराष्ट्रातील काही नामवंत खेळाडूंच्या कारकीर्दींच्या आधारे ही माहिती येथे देण्याचा प्रयत्न केला आहे.

पुण्याचा खेळ

बॅडमिंटनचे महाराष्ट्राशी असलेले नाते जुने आहे. १८७० च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ जाळी लावून खेळत, आणि त्या काळी त्याला 'पूना' याच नावाने ओळखले जाई. पुढे तो इंग्लंडमध्ये गेला, ग्लॉस्टरशर परगण्यातील बॅडमिंटन हाउस या वाड्याचे नाव त्याला चिकटले, आणि १८९९ साली ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली. पुण्यातच वाढलेले क्रिकेट महर्षी प्रा. दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर व सुमन या कन्यांनी १९४० च्या दशकात महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या. ज्या काळात मुलींनी मैदानावर उतरणे हेच धाडसाचे होते त्या काळातील ही गोष्ट आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

परंतु एकेरीचा खेळाडू म्हणून ज्यांच्या नावाने महाराष्ट्र ओळखला गेला ते नंदू नाटेकर होत. १२ मे १९३३ रोजी सांगली येथे जन्मलेल्या नाटेकरांचे आरंभीचे प्रेम टेनिसवर होते. कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत त्यांनी अंतिम फेरी गाठली होती आणि तेथे त्यांना रामनाथन कृष्णन यांच्याकडून हार पत्करावी लागली. त्यानंतर ते बॅडमिंटनकडे वळले. या एका पराभवाने टेनिसचे काय नुकसान झाले ते सांगता येणार नाही. बॅडमिंटनचा मात्र लाभच झाला.

१९५४ साली ऑल इंग्लंड स्पर्धेत पहिल्याच प्रवेशात त्यांनी उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. १९५६ साली क्वालालंपूर येथील सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद त्यांनी मिळवले. भारताबाहेर आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय होत. राष्ट्रीय एकेरीचे अजिंक्यपद त्यांनी सहा वेळा पटकावले आणि थॉमस चषकाच्या सामन्यांत एक तपाहून अधिक काळ भारताची धुरा वाहिली. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी बॅडमिंटनसाठी त्यांची निवड झाली. त्यांचा बॅकहँड आणि मनगटाच्या अखेरच्या क्षणीच्या वळणाने प्रतिस्पर्ध्यास चकवणारे फटके पाहण्यासाठी लोक येत. २८ जुलै २०२१ रोजी पुणे येथे वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

एवढ्या मोठ्या कारकीर्दीत खेळातून मिळालेल्या पैशाचा प्रश्नच नव्हता, कारण नियमानुसार तो घेताच येत नसे. त्या काळचे बॅडमिंटन हौशी होते. विजेत्यास चषक मिळे, पदक मिळे, वर्तमानपत्रांत छायाचित्र येई. पोटासाठी नोकरी करावयाची आणि नोकरीतून उरलेल्या वेळात जगातील उत्तम खेळाडूंशी झुंजावयाचे, अशी ही व्यवस्था होती. तिच्यात एक सौजन्य होते, हे मान्य केले तरी ती मूलतः ज्यांच्या घरी चूल पेटण्याची चिंता नव्हती किंवा ज्यांचा मालक उदार होता अशांचीच व्यवस्था होती, हे विसरता येणार नाही.

हौशीपणाचा अंत

हा बदल १९७९ साली घडला. आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघाने खुल्या स्पर्धांना मान्यता दिली आणि खेळाडूस उघडपणे पारितोषिकाची रक्कम स्वीकारता येऊ लागली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भरलेल्या पहिल्या खुल्या स्पर्धेत विजयी झालेला खेळाडू भारतीय होता. तो म्हणजे बंगळूरचा प्रकाश पदुकोण. १९७१ पासून सलग नऊ वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद राखणाऱ्या पदुकोण यांनी १९७८ साली एडमंटन येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले होते. मार्च १९८० मध्ये त्यांनी इंडोनेशियाच्या लिएम स्वी किंग यांना हरवून ऑल इंग्लंडचे विजेतेपद मिळवले.

त्यानंतर त्यांनी घेतलेला निर्णय अधिक महत्त्वाचा आहे. ते डेन्मार्कमध्ये राहावयास गेले आणि तेथील क्लबकडून खेळू लागले. युरोपात क्लब साखळी सामने होतात, खेळाडूस मोबदला मिळतो, आणि बरोबरीच्या दर्जाचे सोबती रोजच्या सरावाला मिळतात. भारतात त्या वेळी यांपैकी काहीच नव्हते. एखाद्या विषयाचे उच्च शिक्षण घेण्यासाठी विद्यार्थी परदेशी जातो तसाच हा प्रवास होता. भारतीय खेळाडूने बॅडमिंटन हाच व्यवसाय मानून जगाच्या नकाशावर आपले ठिकाण निवडल्याचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

पदुकोण यांच्यानंतर सलग आठ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारे सय्यद मोदी यांची स्थिती निराळी होती. १९८२ साली ब्रिस्बेन येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारा हा खेळाडू रेल्वेच्या नोकरीत होता. खेळ आंतरराष्ट्रीय, आधार मात्र सरकारी नोकरीचा, हा नमुना पुढे अनेकांनी गिरवला. २८ जुलै १९८८ रोजी लखनौ येथे त्यांची हत्या झाली आणि एक कारकीर्द अर्ध्यावर तुटली. ठाण्याशी त्यांचे नाव वेगळ्या रीतीने जोडले गेले आहे. ठाणे महानगरपालिकेची बॅडमिंटन प्रशिक्षण योजना सय्यद मोदी यांच्याच नावाने चालते. प्रशिक्षक श्रीकांत वाड यांच्या मार्गदर्शनाखाली या योजनेतून राज्य व राष्ट्रीय पातळीवर खेळणारे अनेक खेळाडू तयार झाले. एका नगरसंस्थेने एखाद्या खेळाची जबाबदारी दीर्घकाळ सांभाळावी, हे आपल्याकडे विरळाच आढळते. टेंभी नाक्यावरील मुलास मुंबईच्या जिमखान्याचे सभासदत्व मिळण्याची वाट पाहावी लागत नाही, हा तिचा प्रत्यक्ष लाभ आहे.

कोर्ट किती मोठे?

एकेरीच्या खेळाडूचे जीवन समजून घ्यावयाचे तर त्याच्या कार्यक्षेत्राची मापे पाहणे उपयुक्त ठरेल. बॅडमिंटनच्या कोर्टाची लांबी १३.४० मीटर आणि एकेरीसाठी रुंदी ५.१८ मीटर असते. म्हणजे जाळीच्या एका बाजूस खेळाडूच्या वाट्याला सुमारे पस्तीस चौरस मीटर जागा येते. ठाण्यातील एखाद्या लहान सदनिकेएवढीच ही जागा. परंतु तिच्या चारही कोपऱ्यांत, जाळीलगत आणि मागच्या रेषेवर, त्याला एकट्यानेच पोहोचावयाचे असते. दुहेरीत चुकलेले पाऊल जोडीदार सावरतो. एकेरीत ते सावरणारे कोणी नसते. त्यामुळे एकेरीच्या प्रशिक्षणात फटक्यांपेक्षा पायांच्या हालचालीवर अधिक वेळ खर्च होतो, आणि हे पाहून प्रथमच आलेल्या पालकांस आश्चर्य वाटते. मुलगा रॅकेट न उचलता नुसताच पुढे-मागे का पळतो आहे, अशी विचारणा प्रशिक्षकांना हमखास ऐकावी लागते.

फुलाचीही गोष्ट अशीच आहे. स्पर्धेत वापरले जाणारे फूल बदकाच्या किंवा हंसाच्या सोळा पिसांचे असते आणि त्याचे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम यांच्या दरम्यान असावे लागते. जोराच्या फटक्यांनी पिसे मोडतात आणि एका सामन्यात अनेक फुले बदलावी लागतात. सरावात तर प्रशिक्षक एकामागून एक फुले फेकत राहतो आणि खेळाडू ती परतवत राहतो. अशा सत्रात डझनांनी फुले लागतात. चांगल्या प्रतीच्या एका फुलास आज शंभर रुपयांहून अधिक मोजावे लागतात. रॅकेटचे तुटणारे धागे, दर काही महिन्यांनी झिजणारे बूट, कोर्टाचे भाडे, प्रशिक्षकाचे शुल्क आणि परगावच्या स्पर्धांचा प्रवास हे सारे यात मिळवले म्हणजे, खेळाडू एक रुपयाही मिळवू लागण्यापूर्वी कुटुंबाने दहा-बारा वर्षे सातत्याने गुंतवणूक केलेली असते. क्रिकेटमध्ये एका चेंडूवर बावीस जण खेळतात. बॅडमिंटन या बाबतीत महागडा खेळ आहे.

दोन कारकीर्दी

व्यावसायिक काळातील महाराष्ट्राच्या खेळाडूंपैकी अपर्णा पोपट यांची कारकीर्द अभ्यासण्याजोगी आहे. १८ जानेवारी १९७८ रोजी मुंबईत जन्मलेल्या अपर्णा यांनी आठव्या वर्षी प्रशिक्षक अनिल प्रधान यांच्याकडे आरंभ केला. १९९४ साली बंगळूर येथे प्रकाश पदुकोण यांची अकादमी सुरू झाली, तेव्हा सोळा वर्षांच्या या मुलीने मुंबई सोडून तेथे राहावयाचे ठरवले. दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, डेन्मार्क येथे झालेल्या जागतिक कनिष्ठ स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले. १९९८ च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचे रौप्य आणि २००२ च्या मँचेस्टर स्पर्धेत कांस्यपदक तिच्या नावावर लागले. सिडनी व अथेन्स या दोन ऑलिंपिक स्पर्धांत तिने भारताचे प्रतिनिधित्व केले. राष्ट्रीय एकेरीचे अजिंक्यपद तिने सलग नऊ वेळा राखले, म्हणजे पदुकोण यांच्या विक्रमाशी बरोबरी केली.

या यशाच्या बरोबरीने दोन प्रसंग नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुढील पिढीस त्यांतून बरेच समजते. २००० साली सर्दीवरील औषधातून निषिद्ध द्रव्य शरीरात गेल्यामुळे उत्तेजक चाचणीत त्या दोषी ठरल्या आणि त्यांच्यावर तीन महिन्यांची बंदी आली. घराजवळच्या दुकानात सहज मिळणारे औषध खेळाडूसाठी संकट ठरू शकते, हे त्या वेळी फार थोड्यांस ठाऊक होते. दुसरा प्रसंग मनगटाच्या दुखापतीचा. या दुखापतीने २००६ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांना स्पर्धात्मक खेळातून निवृत्त व्हावे लागले. इतर व्यवसायांत याच वयात मनुष्य स्थिरस्थावर होऊ लागतो. अपर्णा यांना इंडियन ऑइल महामंडळातील नोकरीचा आधार होता. निवृत्तीनंतरची वाट त्यामुळे खुली राहिली.

पुण्याच्या निखिल कानेटकर यांची कारकीर्द अधिक शांतपणे पार पडली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यांनी पुरुष एकेरीच्या पहिल्या फेरीत स्पेनच्या खेळाडूचा पराभव केला आणि पुढील फेरीत डेन्मार्कचे पीटर गेड यांच्याकडून ते पराभूत झाले. गेड हे त्या काळातील अग्रगण्य खेळाडूंपैकी एक होते. जगातील पहिल्या सोळांत स्थान मिळवून परतणाऱ्या खेळाडूचे नाव आपल्या वर्तमानपत्रांत एका परिच्छेदात संपते, हे खेदाने म्हणावे लागते. निवृत्तीनंतर कानेटकर यांनी पुण्यात प्रशिक्षण अकादमी उभारली. या दोन्ही कारकीर्दींवरून एक गोष्ट स्पष्ट होते. एकेरीच्या खेळाडूचे स्पर्धात्मक आयुष्य विसाव्या वर्षाच्या आसपास खऱ्या अर्थाने सुरू होते आणि बहुधा तिशीत संपते. दहा-बारा वर्षांच्या कमाईवर पुढील चाळीस वर्षांची व्यवस्था करावयाची असते.

क्रमवारीची शिडी

आजच्या व्यावसायिक खेळाडूचे सारे वेळापत्रक एका आकड्याभोवती फिरते. तो आकडा म्हणजे जागतिक क्रमवारीतील त्याचे स्थान. जागतिक बॅडमिंटन महासंघ मागील ५२ आठवड्यांतील खेळाडूच्या दहा सर्वोत्तम कामगिऱ्यांचे गुण एकत्र करून ही क्रमवारी ठरवतो. गेल्या वर्षी याच आठवड्यात मिळवलेले गुण या वर्षी गळून पडतात. म्हणून क्रमवारी ही बँकेतील मुदत ठेवीसारखी नसते. ती पाण्याच्या टाकीसारखी असते. खालून सतत गळते आणि वरून सतत भरावी लागते.

स्पर्धांच्या श्रेणीही ठरलेल्या आहेत. २०१८ पासून वरच्या स्पर्धांना सुपर १०००, ७५०, ५००, ३०० आणि १०० अशी नावे आहेत. त्यांच्याखाली इंटरनॅशनल चॅलेंज, इंटरनॅशनल सीरीज आणि फ्यूचर सीरीज या पायऱ्या येतात. सुपर १००० स्पर्धेच्या विजेत्यास १२,००० गुण मिळतात, सुपर ३०० च्या विजेत्यास ७,०००, आणि सर्वांत खालच्या फ्यूचर सीरीजच्या विजेत्यास १,७००. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सुपर १००० स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्यास ३,००० गुण मिळतात, तर इंटरनॅशनल सीरीज स्पर्धेत पाच-सहा सामने जिंकून विजेता ठरणाऱ्यास २,५०० च. म्हणजे वरच्या मजल्यावर पोहोचलेल्यास तेथे टिकणे तुलनेने सोपे असते; खालून वर चढणे मात्र अत्यंत कष्टाचे असते. परंतु वरच्या स्पर्धेत प्रवेश मिळतो तो क्रमवारीवरच, आणि मुख्य फेरीत साधारणतः बत्तीसच जागा असतात. त्यामुळे विशीच्या आतबाहेरचा खेळाडू दोन-तीन वर्षे नेपाळ, मालदीव, युगांडा, लिथुएनिया अशा दूरदूरच्या ठिकाणी, बहुधा स्वतःच्या खर्चाने, गुण वेचत फिरत असतो.

नागपूरच्या मालविका बनसोड यांचा प्रवास या शिडीचे चालते उदाहरण आहे. २००१ साली जन्मलेल्या या डावखुऱ्या खेळाडूने २०१९ मध्ये मालदीव व नेपाळ येथील लहान आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या. जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीच्या इंडिया ओपन स्पर्धेत तिने ऑलिंपिक पदकविजेत्या साईना नेहवाल यांना सरळ दोन गेममध्ये हरवले, तेव्हा देशभर तिचे नाव झाले. मधल्या काळातील अडीच वर्षांत तिने किती विमानतळ पाहिले असतील, याची दखल कोणी घेतली नव्हती. २०२४ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील हायलो ओपन या सुपर ३०० दर्जाच्या स्पर्धेत ती अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. लहान स्पर्धेतील पहिल्या विजेतेपदापासून येथवर येण्यास पाच वर्षे लागली. बॅडमिंटनमधील ही गती मंद नाही, किंबहुना चांगलीच आहे.

पारितोषिके आणि वेतन

मिळकतीचा विचार करताना वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या आकड्यांनी पालकांचा गैरसमज होण्याची शक्यता असते. स्पर्धेची जाहीर होणारी एकूण रक्कम पाच गटांत विभागली जाते. त्यांपैकी एकेरीच्या विजेत्याच्या हाती सुमारे सात ते साडेसात टक्के येतात, उपविजेत्यास त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि उपांत्य फेरीत हरणाऱ्यास एकूण रकमेच्या दीड टक्क्याहूनही कमी. उदाहरणार्थ, दहा लाख डॉलरच्या स्पर्धेत विजेता सुमारे सत्तर हजार डॉलर मिळवतो, तर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत बाद होणाऱ्याचा विमानप्रवास, निवास व प्रशिक्षकाचा खर्चही त्या रकमेतून भागत नाही. जगातील पहिले वीस-पंचवीस खेळाडू सोडले तर केवळ पारितोषिकांवर चरितार्थ चालवणे बहुतेकांस शक्य होत नाही.

मग इतर जण जगतात कसे? भारतीय खेळाडूचा खरा आधार नोकरी हा आहे. तेल कंपन्या, रेल्वे, बँका व इतर सार्वजनिक उपक्रम गुणी खेळाडूंना आधी शिष्यवृत्तीवर आणि पुढे कायम सेवेत घेतात. महाराष्ट्र शासनाने २००५ पासून शासकीय सेवांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. केंद्र शासनाची ऑलिंपिकसाठीची 'टॉप्स' योजना व 'खेलो इंडिया' यांतून निवडक खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा भार उचलला जातो. काही जण युरोपातील क्लबांकडून साखळी सामने खेळतात. पदुकोण यांनी चार दशकांपूर्वी शोधलेली ही वाट अद्याप वापरात आहे. भारतात २०१३ साली लिलावावर आधारलेली साखळी स्पर्धा सुरू झाली आणि तिने काही वर्षे खेळाडूंना चांगली रक्कम मिळवून दिली, परंतु २०२० नंतर ती भरली नाही. अशा स्पर्धांवर घराचा हिशेब बांधणे धोक्याचे आहे, हे यावरून दिसून येईल.

व्यावसायिक खेळाडूस काही बंधनेही पाळावी लागतात. उत्तेजकविरोधी यंत्रणेच्या नोंदणी यादीत नाव असलेल्या खेळाडूस पुढील तीन महिन्यांचा आपला ठावठिकाणा आगाऊ कळवावा लागतो, आणि रोज एक तास तो ठरल्या जागी चाचणीसाठी उपलब्ध असावा लागतो. वर्षातून तीन वेळा ही जागा चुकली तर बंदीची कारवाई होऊ शकते. डॉक्टरांनी दिलेले औषधही आधी यादीशी ताडून पाहावे लागते. अपर्णा पोपट यांच्या वेळी ही माहिती मिळण्याची सोय अपुरी होती. आज ती सहज मिळते. ती पाहण्याची सवय मात्र घरातच लावावी लागते.

शाळा की कोर्ट?

पालकांच्या मनातील मूळ प्रश्नाकडे येता असे दिसते की, शिक्षण सोडून खेळ ही टोकाची निवड सर्वांना करावी लागत नाही. मालविका बनसोड यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळल्या. नियमित वर्गात बसणे अशक्य होते हे खरे. परीक्षेच्या तारखा व स्पर्धेच्या तारखा जुळत नाहीत, आणि यासाठी शाळा-महाविद्यालयांची सहानुभूती लागते. पण तिशीत खेळ थांबणार हे माहीत असताना पदवीपर्यंतचे शिक्षण सोडून देणे व्यवहार्य नाही. ज्या प्रशिक्षकास मुलाने चौदाव्या वर्षीच शाळा सोडावी असे वाटते, त्याच्या सल्ल्याचा पालकांनी पुन्हा एकदा विचार केलेला बरा.

दुसरी बाब घर सोडण्याची. अपर्णा पोपट सोळाव्या वर्षी बंगळूरला गेल्या. आज देशातील आघाडीचे बरेच एकेरी खेळाडू हैदराबाद किंवा बंगळूर येथील अकादम्यांत राहतात. तेथील आकर्षण प्रशिक्षकापुरते नसते. रोज सकाळी आपल्याहून सरस खेळाडूशी खेळता येते, हे खरे आकर्षण असते. राज्यात बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले. २००८ साली तेथेच जागतिक कनिष्ठ बॅडमिंटन स्पर्धा झाली आणि तीत साईना नेहवाल विजेती ठरली. वास्तू उत्तम आहेत. एकाच छताखाली वीस-पंचवीस तुल्यबळ एकेरी खेळाडू वर्षभर सराव करीत आहेत, असे चित्र मात्र राज्यात अजून क्वचितच दिसते. ठाणे, मुंबई, पुणे व नागपूर येथे गुणी मुले आहेत. ती विखुरलेली आहेत.

आरंभ कोठून करावा

ज्यांना या मार्गाने जावयाचे आहे त्यांच्यासाठी पहिली पायरी जिल्हा संघटनेची आहे. खेळाडूची नोंदणी जिल्हा व राज्य संघटनेमार्फत भारतीय बॅडमिंटन संघटनेकडे होते आणि त्याला ओळख क्रमांक मिळतो. या क्रमांकाविना मान्यताप्राप्त स्पर्धेत प्रवेश मिळत नाही. तेरा, पंधरा, सतरा व एकोणीस वर्षांखालील असे मुला-मुलींचे गट असतात. जिल्ह्यातील कामगिरीवरून राज्य स्पर्धा, राज्यातील क्रमावरून राष्ट्रीय स्पर्धा, असा क्रम साधारणतः असतो. नोंदणीच्या वेळी जन्माचा दाखला तपासला जातो. जन्म झाला त्याच सुमारास नगरपालिकेत वा ग्रामपंचायतीत झालेली नोंद ग्राह्य धरण्याकडे संघटनेचा कल असून, अनेक वर्षांनी उशिरा केलेल्या नोंदीबाबत चौकशी होते. वय लपवून खालच्या गटात खेळवण्याचे प्रकार या खेळातही घडले आहेत, आणि ते उघडकीस आल्यास खेळाडूवर बंदी येते. टेंभी नाका परिसरातील मुलांचा जन्मदाखला महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागाकडून मिळतो. त्यावरील नावाची अक्षरे शाळेच्या दाखल्याशी व पारपत्राशी जुळतात किंवा नाही हे पहिल्याच वर्षी पाहून घ्यावे, कारण पहिल्या परदेशी स्पर्धेच्या वेळी प्रवेशिका आणि पारपत्र यांवरील नाव एकच असावे लागते.